सुमनबाईंची विशेषणं

भिलाईजवळच्या अहिवाऱ्याहून एक गृहस्थ एकदा रुग्णालयातल्या माझ्या खोलीत आले. खुर्ची ओढून ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मॅडम, मेरी घरवाली बहुत बोलती है. थोडा कम हो सकता है क्या?"

बाहेर दारावर वाचा-उपचाराची पाटी होती, ती वाचून ते मोठ्या आशेनं आत आले होते. मी त्यांना समजावलं की इथे बोलणं वाढवून मिळतं, कमी करून मिळत नाही. ते खरोखर हिरमुसले. जाताना दारातून वळून म्हणाले, "तो कम किधर होता है?" या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

माझ्या कामाबद्दल लोकांच्या कल्पना अशाच असायच्या. कुणाला वाटे मी भाषण ठोकायला शिकवते, कुणाला वाटे तोतरेपणावर गोळ्या देते. मी स्पीच थेरपिस्ट. ज्यांचं बोलणं अडलं आहे, अडखळतं आहे किंवा एका सकाळी अचानक नाहीसं झालं आहे, त्यांच्याबरोबर बसून ते पुन्हा सुरू करायचं, हे काम. हत्यारं म्हणाल तर एक आरसा, पेटवून फुंकायच्या मेणबत्त्या, सरबताच्या नळ्या, आणि घरातल्या बारीकसारीक वस्तूंनी भरलेला एक डबा. हा डबा बघून नव्या रुग्णांचे नातेवाईक हमखास एकमेकांकडे पाहत. इतक्या मोठ्या दुखण्यावर चमचे आणि बटणं?

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. नागपूरकडून बदली होऊन छत्तीसगढमधल्या दुर्गला आले आणि इथलेच झाले. आम्ही घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. भिलाईच्या रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा कळलं की एवढ्यानं भागणार नाही. पोलादाच्या प्लांटमुळे सगळ्या देशातून माणसं इथे आलेली, आणि पक्षाघात झाला की माणूस थेट आपल्या आईच्या भाषेत जाऊन बसतो. म्हणून मी तेलुगूत पाणी शिकले, मल्याळीत पाणी शिकले, ओडियात, बंगालीत, पंजाबीत पाणी शिकले. पहिल्यांदा सगळ्यांना तेच मागायचं असतं.

पक्षाघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर पुष्कळदा बोलणं जातं. जीभ शाबूत असते, अक्कल शाबूत असते, समोरचा काय म्हणतो ते बरंचसं समजतं. फक्त शब्द हाती लागत नाही. समोर चमचा दिसतो, तो कशासाठी असतो ते ठाऊक असतं, तोंड उघडतं आणि 'चमचा' येत नाही. आणि काही जणांच्या बाबतीत सगळे शब्द गेले तरी एखादाच तोंडात अडकून राहतो. काहीही सांगायचं असलं की तोच बाहेर पडतो. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतले एक अतिशय सोज्वळ आजोबा होते, त्यांच्या तोंडात शिवी अडकली होती. सून चहा घेऊन आली की ते तिच्याकडे मायेनं बघत आणि मायेनंच ती शिवी देत. बिचारी रडायची. मी तिला म्हटलं, शब्द ऐकू नका, सूर ऐका. महिन्याभरानं ती मला सांगत होती, "दीदी, आज बाबूजी ने आशीर्वाद दिया." शिवी तीच होती.

अडकलेल्या शब्दाबद्दल मला एवढं ठाऊक होतं. मग सुमनबाई आल्या.

सुमन लांजेवार. दुर्गला मोहन नगरात घर. भिलाईच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा मधुकरराव प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते, तेही निवृत्त. एकुलता एक मुलगा पराग पुण्याला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. एका सकाळी चहा गाळता गाळता बाईंच्या हातातून गाळणी पडली, उजवा हात लुळा झाला आणि बोलणं थांबलं. जिवावरचं टळल्यावर, रुग्णालयात भरती असतानाच, डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मधुकररावांनी चाकाची खुर्ची ढकलत आणली. उंचेपुरे, खांदे अजून कामगाराचे.

"आमची मास्तरीण हाये मॅडम," ते म्हणाले. "जिनगानीभर बोलली. आता येस-नो म्हनते, पन त्याचा काई भरोसा नाई. आन् एकच शब्द बोलून राहिली. थोबी इंग्रजी."

"कोणता?"

त्यांनी जरा आठवलं. "डिफरन."

"डिफरंट," खुर्चीतून आवाज आला. स्वच्छ, ठसठशीत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

मराठी त्यांची जन्माची, हिंदी बाजाराची, इंग्रजी नोकरीची. यातल्या पहिल्या दोन्हींमधलं एक अक्षरही तोंडी राहिलं नव्हतं. तिसरीतला, येस-नो सोडले तर, हा एक शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी डिफरंट, उशी टोचली तरी डिफरंट, नवरा खोलीत आला तरी डिफरंट. आणि येस-नोची तर पार उलटापालट. मान नकारार्थी हलवत त्या 'येस' म्हणत. या आजारात हे नेहमीचं. हो आणि नाही हे दोन शब्द डोक्यात अगदी शेजारी शेजारी राहत असावेत, एकाला हाक मारली की दुसराच ओ देतो.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. डब्यातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायचं, सारख्या की वेगळ्या? चमचा आणि वाटी: डिफरंट. लाल बटण आणि पांढरं बटण: डिफरंट. पांढरं आणि पांढरं: डिफरंट. अडकलेला शब्द. मला त्यात नवल वाटलं नाही.

एक दिवस मी स्टीलचे दोन पेले ठेवले. एकाच संचातले, हुबेहूब. बाईंनी डाव्या हाताने एक उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, खाली ठेवला. बराच वेळ गेला. ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "डिस्टिंक्ट."

मला वाटलं, जीभ घसरली. मी पुन्हा विचारलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मंद विद्यार्थ्याला पुन्हा सांगावं लागतं तेव्हा पडते तशी. त्यांनी एक पेला टेबलाच्या या कडेला नेला, दुसरा त्या कडेला, आणि दोन्हींवर नखानं टकटक केलं. "डिस्टिंक्ट."

मधुकरराव माझ्याकडे बघत होते. "आता काय म्हनली?"

मी सांगू शकले नाही. माझं इंग्रजी पुस्तकापुरतं. जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश काढला आणि वाचता वाचता खुर्चीत मागे टेकले. दिसायला हे दोन्ही पेले सारखे होते, त्यामुळे डिफरंट म्हणणं चूक झालं असतं. पण ते एक नव्हते, दोन होते. एकासारखा एक, तरी हा तो नव्हे. डिस्टिंक्ट. ज्या बाईला पाणी मागता येत नव्हतं, तिनं दोन पेल्यांमधला तो भेद माझ्यासमोर ठेवला होता, ज्याला मराठीत कोणता शब्द वापरावा याचा मला विचार करावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी घरून तयारीनं गेले. भाजीची पिशवी टेबलावर रिकामी केली. वांगी, दोडका, टमाटे, मिरच्या. बाई बघत राहिल्या. "व्हे... व्हेरिअस." पांढरं कापड आणि काळं कापड शेजारी ठेवलं. "कॉन्ट्रास्टिंग." एका पायाची कातडी चप्पल आणि दुसऱ्या पायाची बाथरूमची स्लीपर. या वेळी त्यांना हसू आलं, पहिल्यांदाच. "मिसमॅच्ड." मग मी त्यांच्याच शाळेतला, मधुकररावांनी आणलेला एक जुना फोटो ठेवला. एका वर्गातली मुलं. त्यात सरदारजींचा मुलगा, आंध्रातल्या दोन वेण्यांच्या मुली, केरळचे, बंगालचे, इथले छत्तीसगढी. फोटोवरून बोट फिरवत बाई हळूच म्हणाल्या, "डायव्हर्स," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

'फोटो' म्हणता येत नव्हतं. 'मुलं' म्हणता येत नव्हतं. 'मधुकर' तर नाहीच. एकही नाम नाही, एकही क्रियापद नाही. सगळी घरं पडून गेलेल्या गल्लीत एकच दुकान उघडं असावं आणि त्यात फक्त एकाच जातीचा माल असावा, तसं होतं हे. दोन गोष्टी एकमेकींपासून कशा वेगळ्या आहेत हे सांगणारे शब्द. तेवढेच. असं का व्हावं, हे मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं, पुढे माझ्या क्षेत्रातल्या मोठ्या लोकांना विचारलं. प्रत्येकानं काही ना काही सांगितलं आणि शेवटी प्रत्येकजण म्हणाला, नेमकं माहीत नाही. मलाही नाही. एवढी वर्षं त्या मेंदू नावाच्या वस्तूशेजारी बसून काढली, आणि अजून वाटतं की मी तिच्या अंगणातच उभी होते.

थोडाफार उलगडा केला तो मधुकररावांनी.

"सांगतो न मॅडम. हिले हा नादच होता. घरी मी म्हनलं, आज भाजी अलग लागून राहिली, तं हे लगेच इचारे, अलग म्हंजे कशी? तिखट? आंबट? कालच्यापेक्षा अलग का तुमच्या आईच्या हातच्यापेक्षा अलग? मी म्हनो, बाप्पा, जेवू दे." ते बायकोकडे बघून हसले. "पोरायले म्हने, डिफरंट हा आळशी मानसाचा शब्द हाये. येगळं हाये तं कसं येगळं हाये, थे सांगा."

बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "डिफरंट," आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्यांना विनोद कळला होता. आयुष्यभर ज्या शब्दाला आळशी म्हटलं, तोच तेवढा सोबत राहिला होता, आणि त्याचंच बोट धरून आता बाकीची भावंडं येत होती.

मधुकरराव मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांचं इंग्रजी प्लांटमधलं: लोड, लिफ्ट, स्लिंग. इतकी वर्षं घरात मराठी बोलून संसार केला, आणि आता बायको फक्त इंग्रजीत बोलणार, तेही अशा शब्दांत. दुसरा कुणी असता तर माझ्यावर सोपवून बाहेर बाकावर जाऊन बसला असता. हे माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, "मलेबी शिकवा." मी शब्दकोशातून शिकायची आणि त्यांना शिकवायची. डिस्परेट शिकवलं त्या दिवशी ते गोंधळले. "हे डेस्परेट न? डेस्परेट तं मी हाओ." मी सांगितलं, डिस्परेट म्हणजे इतकं निराळं, की तुलनाच करता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन आले. टेबलावर एक कारलं ठेवलं आणि शेजारी हाताएवढा लोखंडी नटबोल्ट. बायकोसमोर हाताची घडी घालून उभे राहिले.

बाईंनी कारल्याकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "डिस्परेट," त्या म्हणाल्या, आणि अशा काही हसल्या की बाहेरून नर्स डोकावली. त्या दिवसापासून पिशवी रोजची झाली. घरात एकटे असताना हा माणूस उद्या बायकोसमोर काय ठेवावं याचा विचार करत फिरायचा.

मलाही छंद लागला. घरी भांडी लावताना मी मराठी शब्द आठवायची. वेगळा, निराळा, भिन्न, विविध, विषम, परका, आगळा. जन्मापासून हे शब्द माझ्याकडे होते आणि मी ते एकाच खणात कोंबून ठेवले होते. भिन्न स्वभावाला निराळा म्हटलं की माणूस एकदम आवडता होतो, आणि परका म्हटलं की दाराबाहेर जातो, हे मला नोकरीच्या उत्तरार्धात एका न बोलणाऱ्या बाईंनी दाखवलं.

मग पराग आला.

चांगला मुलगा. आईजवळ बसून तिचा लुळा हात चोळत राहायचा. पण त्याचं मत ठरलं होतं. आईला पुण्याला न्यायचं. तिथे मोठी रुग्णालयं, घरात सून, चोवीस तासांची बाई ठेवता येईल. बाबांनी इथेच राहायचं किंवा मागून यायचं, ते बाबांनी ठरवावं. तिकिटं काढून झाली होती.

"मॅडम, प्रॅक्टिकली सोचो," तो मला म्हणाला. हिंदीतून मराठीत, मराठीतून हिंदीत तो सहज ये-जा करायचा. "बाबा अकेले कैसे करेंगे? त्यांना स्वयंपाक येत नाही. आणि खरं सांगू का, दोघांचं कधी जमलंच नाही. आई एवढी शिकलेली, बाबा असे. लहानपणापासून बघतोय, ती काही बोलायची आणि बाबा पेपर उघडायचे. आताही बाबा आत आले की आई काय म्हणते बघा. डिफरंट, डिफरंट. आणि मी विचारलं, आई, माझ्याकडे येतेस ना? तर येस म्हणाली. तीनदा विचारलं."

मी सुमनबाईंकडे वळले. "बाई, तुमचं नाव मधुकर आहे का?"

"येस," बाई म्हणाल्या, आणि चूक कळून त्यांचं तोंड एवढंसं झालं.

परागनं आईचा हात हातात घेतला. म्हणाला, "मग तिला काय हवं ते कळणार कसं?"

मधुकरराव खिडकीपाशी उभे होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. "घेऊन जा," ते एवढंच म्हणाले. "तिचं भलं होत असन तं घेऊन जा. मी काई म्हनत नाई." आणि बाहेर गेले. ते दाराबाहेर जाईपर्यंत बाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. "डिफरंट," त्या म्हणाल्या. "डिफरंट. डिफरंट." आवाज चढत गेला. पराग माझ्याकडे बघून हताशपणे हसला. बघा, असं त्याला म्हणायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची बैठक होती. पराग टेबलापाशी, मधुकरराव नेहमीच्या खुर्चीवर. मी डबा उघडताना झाकण निसटलं आणि सगळी बटणं फरशीवर सांडली. मधुकरराव खाली बसले आणि टेबलाखाली हात घालून गोळा करायला लागले. पँटचे पाय वर सरकले.

"डिफरंट," सुमनबाई म्हणाल्या.

"हो, वेगवेगळी आहेत बटणं," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. "येस! येस!" मान मात्र जोरजोरात नकारार्थी. त्यांना शब्द शोधताना मी अनेकदा पाहिलं होतं, पण असं कधी नाही. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "डि... डिसि... डिसिमिलर." बोट खाली. मला वाटलं चपला. मी चपला उचलून दाखवल्या. त्यांनी त्या हातानं उडवून लावल्या. "अन्... अनईक्वल. अनईक्वल!"

मी खाली वाकले आणि त्यांच्या बोटाच्या रेषेत पाहिलं. मधुकररावांचा उजवा पाय वयाला शोभेसा, हडकुळा. डावी पोटरी तट्ट फुगलेली, कातडी चकचकीत, लालसर. दोन वेगळ्या माणसांचे पाय वाटावेत असे.

"काका, हे काय?"

त्यांनी घाईनं पँट खाली ओढली. "काई नाई जी. बसून बसून सुजते."

"किती दिवसांपासून?"

"झाले असन आठ-दहा दिवस."

"दुखतं?"

ते मुलाकडे न बघता म्हणाले, "दुखते. पन आता मीबी आजारी पडलो म्हनलं असतं, तं हा म्हनला असता, पाहा, बाबाले सोताचंच होत नाई. मंग तं झालंच न."

मी वाचा-उपचारवाली. पण एवढ्या वर्षांत इतकं कानावर पडलं होतं की एकाच पायाची अशी सूज सोडून द्यायची नसते. मी त्यांना चालू दिलं नाही. बाईंच्या शेजारी दुसरी चाकाची खुर्ची मागवली आणि पराग स्वतः ती ढकलत खालच्या मजल्यावर घेऊन गेला. पायाची सोनोग्राफी झाली. आतल्या शिरेत रक्ताची गाठ होती, गुडघ्याच्या वरपर्यंत चढलेली. बायकोच्या खाटेशेजारी आणि रुग्णालयाच्या बाकांवर तासन् तास बसून काढलेल्या दिवसांत ती कधीतरी धरली असावी. डॉक्टर परागला म्हणाले, ही गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर आम्हाला काही करायला वेळच मिळाला नसता. मधुकररावांना तिथूनच भरती करून घेतलं.

पराग वर परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. "आई, तू रोज हेच सांगत होतीस?"

बाई दाराकडे बघत होत्या.

ते आत आले की डिफरंट, बाहेर गेले की डिफरंट. त्यांची चाल बदलली होती. डाव्या पायावर भार न देता ते चालत होते, आणि ते मी पाहिलं नाही, मुलानं पाहिलं नाही, रोज शेजारून जाणाऱ्या नर्सेसनी पाहिलं नाही. कशी पाहणार? आमचं लक्ष रुग्णाकडे होतं. रुग्णाचं लक्ष नवऱ्याच्या पायाकडे होतं. आळशी शब्दानं काम होत नाही म्हटल्यावर त्या अंधारात आणखी खोल गेल्या आणि नेमका शब्द हुडकून घेऊन आल्या.

तिकिटं रद्द झाली. मधुकरराव औषधांवर सुधारले. त्यांना फिरायची परवानगी मिळाल्यावर पराग माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, मला आईला परत विचारायचंय. नीट. पण कसं विचारू?"

त्यानं 'कसं' हा शब्द उच्चारला आणि मला सुचलं. हे आधी सुचायला हवं होतं, कितीतरी आधीच्या रुग्णांच्या वेळी. "हो-नाही विचारूच नकोस," मी म्हटलं. "कसं, ते विचार. तिच्याकडे 'कसं'चे शब्द आहेत."

चौघंच होतो. पराग आईसमोर बसला. "आई, पुण्याचं माझं घर तुला कसं वाटतं?"

बाईंनी आधी त्याच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग, त्याला लागू नये अशा आवाजात म्हणाल्या, "एलियन."

त्यानं मान हलवली. "आणि मोहन नगरचं?"

आता मात्र त्या अडल्या. ओठ उघडत, मिटत. मी समजले. दुकानात सगळा माल वेगळेपणाचा. आपलं, ओळखीचं, रोजचं असं सांगणारा एकही शब्द त्यांच्याकडे नव्हता. मला मदत करावीशी वाटली, पण आमच्या धंद्यात मदत केव्हा करू नये हेच शिकायला सर्वांत जास्त वर्षं लागतात. आम्ही तिघं थांबलो.

"नॉट," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "नॉट डिफरंट."

पराग खाली बघत होता. मग डोळे पुसून, जरा हसत म्हणाला, "आणि बाबा? बाबा कसे?"

मधुकरराव खुर्चीत सावरून बसले. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. बाईंनी त्यांना केसांपासून पायापर्यंत न्याहाळलं. पायाशी नजर थोडी थांबली.

"इम्पॉसिबल," त्या म्हणाल्या.

आधी मधुकरराव हसले, मग आम्ही सगळे. आणि हसता हसता मी एकदम थांबले. हा शब्द त्या दुकानातला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाईंनी दुसऱ्या गल्लीतला शब्द आणला होता. कुठेतरी दुसरं एक दार उघडलं होतं.

सुमनबाई मोहन नगरलाच राहिल्या. परागनं स्वयंपाकाला बाई लावून दिली आणि तो दर काही दिवसांनी येत राहिला. माझ्याकडे त्या पुढे बरेच महिने येत होत्या. इम्पॉसिबलच्या मागून हॉट, कोल्ड, टायर्ड आले, मग हिंदीतले 'अच्छा' आणि 'बस'. नामं मात्र रुसूनच बसली. मी निवृत्त झाले तेव्हाही त्या मला नावानं हाक मारू शकत नव्हत्या. निरोपाला त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "रेअर." मी तो शब्द घरी घेऊन आले.

त्यानंतर एकदा, बऱ्याच दिवसांनी, त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ. दार उघडंच होतं. बाई पाठमोऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या, डाव्या हातात मोबाईल कानाला लावलेला. मधुकरराव बाजारात गेलेले दिसत होते, कारण फोनमधून त्यांचा मोठा आवाज आणि भाजीवाल्यांचा गलका बाहेर ऐकू येत होता.

"मेथी," बाई फोनवर म्हणाल्या. मग दम घेऊन, "मेथी आनजा. सांभार आनजा. पालक नोका आनू जी, कालचा हाये घरी."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. मेथी, कोथिंबीर, पालक: मी बोटांवर नामं मोजत होते.